निरोप्याची झोळी

यवतमाळ जिल्ह्यातल्या ‘बाभुळगाव’ या तालुक्याच्या नावात पाच अक्षरं आणि तीन मात्रा आहेत. युनिकोडच्या यूटीएफ-8 या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला 3 बाइट लागतात, म्हणून हा शब्द 24 बाइटचा होतो. रोमन लिपीत तोच शब्द 10 बाइटांत मावतो. तालुक्यांना क्रमांक देऊन टाकले तर 2 बाइट सुखानं पुरतात. खिशातल्या मोबाइलला या फरकाचं काहीच वाटत नाही, कारण त्याच्याकडे काही अब्ज बाइट मोकळे असतात. पण तिथल्या बेंबळा नदीच्या काठच्या एखाद्या वावरात, सौर पंपाच्या खांबावर बसवलेल्या डब्यातल्या चिपला हा फरक चांगलाच कळतो. तिथे हिशेब बाइटमागे बाइट असा होतो.

या डब्याचं काम काय, ते आधी पाहू. बाभुळगाव तालुक्यात बेंबळा प्रकल्प झाला, कालवे निघाले, तरी कालव्याचं पाणी प्रत्येक धुऱ्यापर्यंत पोचत नाही. कित्येकांचं ओलीत विहिरीवर आणि मोटरीवरच चालतं. केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 मध्ये आली आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना 2024 मध्ये. शेतकऱ्यानं किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के, आणि जमिनीच्या प्रमाणात 3, 5 किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप घ्यायचा. या पंपांसाठी केंद्रीय मंत्रालयानं घातलेल्या तांत्रिक अटींत दूरस्थ देखरेखीची यंत्रणाही आहे. पॅनेलकडून किती व्होल्टेज आणि किती करंट येतो, मोटर किती फ्रिक्वेन्सीवर फिरते, मिनिटाला किती लिटर पाणी निघतं, हे सगळं सिमकार्डवरून सर्व्हरकडे कळवत राहायचं. त्यासाठी एमक्यूटीटी ही निरोपांची पद्धत आणि जेसन हा मजकुराचा साचा सांगितलेला आहे.

महावेध प्रकल्पातून 2017 पासून महसूल मंडळांत उभी राहिलेली स्वयंचलित हवामान केंद्रंही याच जातीची. माणूस जवळ नसताना मोजायचं, आणि मोजलेलं न चुकता कळवायचं.

वावरातून निरोप पाठवण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र केलं, ते स्टार्टरला जोडतात. शेतकऱ्यानं आपल्या फोनवरून त्याला फोन लावायचा. पलीकडून येणाऱ्या आवाजावरून लाइन आहे की नाही ते कळतं आणि आकड्यांची बटणं दाबून मोटर चालू किंवा बंद करता येते. 2009 मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या यंत्राला बक्षीस मिळालं. त्यात निरोप किती मोठा असतो, याचा विचार केला की मला फार आदर वाटतो. लाइन आहे किंवा नाही, मोटर चालू किंवा बंद, एवढाच. संगणकाच्या भाषेत एकेका बिटचं काम. रात्रीच्या लाइनसाठी थंडीत टॉर्च घेऊन वावरात जाणाऱ्या माणसाची खेप त्या एकेका बिटनं वाचवली.

आता डब्यानं जास्त सांगावं अशी अपेक्षा आहे, आणि ती रास्तही आहे. पण सांगायचं जास्त झालं की सांगणारा जड होतो. निरोप बांधणं, पाठवणं, पोच आली का ते पाहणं, न आल्यास पुन्हा पाठवणं हे सगळं करणारं सॉफ्टवेअर तयार मिळतं. त्याला मेसेजिंग लायब्ररी म्हणतात. मी तिला निरोप्या म्हणेन. निरोप्या शहाणा असतो, पण तो बहुतेक वेळा मोठ्या घरात वाढलेला असतो. कोठीत धान्य कायम भरलेलं आहे असं धरूनच तो चालतो.

झीरोएमक्यू या नावाजलेल्या निरोप्याचं उदाहरण घ्या. मार्टिन सुस्ट्रिक आणि पीटर हिन्चेन्स ही त्याच्यामागची दोन मोठी नावं. सेकंदाला लाखो निरोप हाकणं हा त्याचा पराक्रम. त्या वेगासाठी तो निरोपांच्या जागा एकेक करून मागत नाही, 256 जागांचा गठ्ठाच एकदम मागतो. एका निरोपाची चौकट 64 बाइटची. गुणाकार 16,384 बाइट, म्हणजे 16 किलोबाइट, आणि हे फक्त एका जोडणीच्या एका दिशेला, एकही निरोप निघण्याआधी. सर्व्हरवर हा शहाणपणाच आहे. पण एसटीएम32एफ103सी8 ही छोट्या यंत्रांत सर्रास दिसणारी चिप घ्या. तिच्यात प्रोग्रामसाठी 64 किलोबाइटची फ्लॅश आणि कामासाठी 20 किलोबाइटची रॅम असते. अर्दुइनो उनोवरच्या चिपमध्ये तर रॅम फक्त 2 किलोबाइट. असला निरोप्या तिथे पाऊल ठेवताच घर भरून जातं. गठ्ठ्याचा आकडा 256 वरून 8 किंवा 16 वर आणला की वेग थोडा घटतो. दहा मिनिटांनी एक निरोप धाडणाऱ्या पंपाला त्या वेगाशी काय देणंघेणं? म्हणून लायब्ररी हातात घेतली की पहिलं काम असले आकडे शोधण्याचं. कुणीतरी कुठल्यातरी वेगळ्या यंत्रासाठी ते ठरवलेले असतात आणि आपण ते न वाचताच स्वीकारतो.

एमक्यूटीटीचा जन्म मात्र गरिबीतला. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी 1999 मध्ये ती तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. उपग्रहावरचा प्रत्येक बाइट महाग होता. म्हणून तिचा सर्वांत छोटा लिफाफा अवघ्या 2 बाइटचा आहे. तरीही तिच्यावर बांधलेल्या लायब्रऱ्या फुगतात, कारण पद्धत काटकसरी असली तरी ती वापरणारं सॉफ्टवेअर तसं असेलच असं नाही.

मेमरी जाते कुठे? वेचणीचा हंगाम आठवा. कपाशी वेचताना बाया कमरेला फडक्याची झोळी बांधतात. झोळी भरली की धुऱ्यावरच्या ढिगावर रिकामी करतात आणि पुन्हा तासाला लागतात. अख्ख्या वावराचा कापूस मावेल एवढी झोळी कुणी शिवत नाही. तिचं माप एका खेपेवरून ठरतं. लायब्ररीतला बफर म्हणजे ही झोळी. अर्दुइनोवाल्यांत लोकप्रिय असलेल्या निक ओ’लिअरी यांच्या पबसबक्लायंट या लायब्ररीत जाण्यासाठी आणि येण्यासाठी मिळून एकच झोळी आहे, आणि ती मुळात 256 बाइटची. त्याहून मोठा निरोप पाठवायचा असेल तर तो तुकड्यातुकड्यानं थेट जोडणीवर लिहिण्याची सोयही तिच्यात आहे, म्हणजे झोळी मोठी न करता खेपा वाढवायच्या. तिची मर्यादाही सांगायला हवी. पोच घेऊन पाठवणं तिला जमत नाही, ती निरोप पाठवते आणि विसरते. अनेक कामांना तेवढं पुरतं. ते पुरतं की नाही हे ज्याचं त्यानं आधी ठरवावं.

पोच हवी असेल तर खर्च लगेच वाढतो. पोच येईपर्यंत निरोपाची प्रत जवळ ठेवावी लागते. नेटवर्क मंद असेल तर अशा प्रती साचतात. येणाऱ्या निरोपांच्या बाबतीत 2019 च्या एमक्यूटीटी 5 या आवृत्तीत चांगला उपाय आहे. जोडणी होतानाच यंत्र सर्व्हरला सांगू शकतं की पोच न दिलेले अमुक इतकेच निरोप एका वेळी माझ्याकडे पाठव, आणि अमुक बाइटांहून मोठा पाठवू नकोस. काही सांगितलं नाही तर पहिला आकडा 65,535 धरला जातो. छोट्या चिपनं तिथे 2 लिहावं.

दुसरा खर्च प्रतींचा. पंपाचं एक माप घेतलं. आधी त्याचा मजकूर तयार केला, ती एक प्रत. लायब्ररीनं तो लिफाफ्यात घालताना दुसरी केली. सुरक्षेच्या थरानं त्याचं गुपित रूप केलं ती तिसरी, नेटवर्कच्या थरानं पाठवण्यासाठी चौथी, आणि मोडेमकडे जाणाऱ्या तारेच्या तोंडाशी पाचवी. एकच निरोप पाच ठिकाणी पडून राहतो. यावर उपाय म्हणजे मजकूर न हलवता तो कुठे ठेवला आहे तेवढाच पत्ता पुढच्या थराला देणं. स्वीडनच्या अ‍ॅडम डंकेल्स यांनी छोट्या यंत्रांसाठी लिहिलेल्या एलडब्ल्यूआयपी या नेटवर्क सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मुळातच आहे. न बदलणारा मजकूर फ्लॅशमध्येच राहू देऊन तिथूनच तो पाठवता येतो.

सुरक्षेचा थर हा सगळ्यांत मोठा खाऊ. टीएलएस या पद्धतीत एका वेळची गुपित चिठ्ठी 16 किलोबाइटपर्यंत मोठी असू शकते. म्हणून एम्बेड-टीएलएस ही लायब्ररी मुळात येणाऱ्यासाठी 16 आणि जाणाऱ्यासाठी 16 किलोबाइट राखते. बेरीज 32, आणि आपल्या चिपची सगळी रॅम 20! अनेकजण इथे हात टेकतात आणि सुरक्षाच काढून टाकतात. तसं करू नका. दुसऱ्याच्या विहिरीवरची मोटर कुणीही चालू-बंद करू शकेल अशी यंत्रणा वावरात नको. जाणाऱ्या चिठ्ठीचं माप आपल्याच हातात असतं. येणाऱ्याचं माप सर्व्हर तयार असेल तर 512, 1024, 2048 किंवा 4096 बाइट असं दोघांच्या संमतीनं ठरवता येतं. दोन्ही बाजूंनी 4096 धरले तर 32 चे 8 किलोबाइट होतात. तेही जड वाटले तर सुरक्षेचं आणि एमक्यूटीटीचं काम स्वतःच करणारे मोडेम मिळतात. चिपनं मजकूर तेवढा त्यांच्या हाती द्यायचा.

आता मजकुराकडे वळू. वेळ, व्होल्टेज, करंट, फ्रिक्वेन्सी, प्रवाह आणि एकूण वीज अशी सहा मापं जेसनमध्ये, तीन-चार अक्षरी रोमन नावं देऊन मी लिहून पाहिली. 78 बाइट झाले. तीच मापं नुसत्या आकड्यांत ठेवली तर वेळेला 4, एकूण विजेला 4 आणि उरलेल्या चौघांना प्रत्येकी 2, असे 16 बाइट लागतात. 312.4 व्होल्ट हे 3124 असं ठेवायचं, जसे रुपयाऐवजी पैशांत हिशेब मांडावेत. दशांश चिन्ह गेलं की ते छापणारा वजनदार कोडही फ्लॅशमधून जातो. अटींत जेसन मागितलं असेल तर ते द्यावंच लागेल, पण साठवताना 16 बाइट आणि निघण्याच्या क्षणी 78, असं करायला कुणाची मनाई नाही. यातला फायदा नेटवर्क गेल्यावर दिसतो. दर दहा मिनिटांना एक माप म्हणजे दिवसाला 144 मापं. जेसनमध्ये त्यांना 11,232 बाइट लागतात, रॅमच्या निम्म्याहून जास्त. आकड्यांत 2,304. टॉवर दिवसभर बंद राहिला तरी दुसऱ्या पद्धतीत डबा शांतपणे मोजत राहतो.

पत्त्याचंही तसंच. महाराष्ट्र, यवतमाळ, बाभुळगाव, पंप, 0417, स्थिती असा पत्ता रोमन लिपीत तिरप्या रेघांसह लिहिला की 48 बाइट होतात, आणि प्रत्येक निरोपावर तो पुन्हा चिकटतो. एमक्यूटीटी 5 मध्ये तो एकदाच सांगून पुढे 2 बाइटच्या क्रमांकावर भागवता येतं. मराठीसाठीही माझं सांगणं हेच आहे. डब्यातून क्रमांक पाठवा, ‘मोटर कोरडी चालली’ हे शुद्ध मराठी वाक्य शेतकऱ्याच्या फोनवर उमटवा. एसएमएसचंच पाहा. त्यात 140 बाइट असतात. रोमन अक्षरं 160 मावतात, देवनागरी खुणा 70 च. मराठी शेतकऱ्याला मराठीतच निरोप मिळाला पाहिजे. तो मराठीत करण्याचं काम मात्र ज्याच्याकडे मेमरी आहे त्याच्याकडे सोपवावं.

आतापर्यंतचा खर्च दिसणारा होता. न दिसणारा खर्च डब्यांचा जीव घेतो. आठवडी बाजारात सकाळी मैदान रिकामं असतं. भाजीवाले, बांगड्यावाले, मिरचीवाले जागा धरतात. दुपारी काही उठून जातात, दुसरे येऊन बसतात. संध्याकाळी मैदानात मोकळी जागा बरीच असते, पण इथे हातभर, तिथे दोन हात. टरबुजाची बंडी आली तर तिला उभं राहायला एकसलग जागा सापडत नाही. चालता चालता मेमरी मागणाऱ्या आणि परत करणाऱ्या लायब्ररीचं असंच होतं. एकूण 5 किलोबाइट शिल्लक असतात आणि 600 बाइटचा निरोप मात्र बसत नाही. म्हणून छोट्या यंत्रांत जागा आधीच आखून द्यावी. इतके ओटे, इतक्या मापाचे, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच. अ‍ॅमेझॉनची कोअरएमक्यूटीटी ही लायब्ररी याच शिस्तीची आहे. ती स्वतः मेमरी मागतच नाही, वापरणाऱ्यानं दिलेल्या झोळीतच काम करते. असं केलं की मेमरी कमी पडणार असेल तर ते कोड बांधतानाच टेबलावर कळतं.

गळती तर याहून लबाड. प्रत्येक निरोपामागे 24 बाइट परत करायचे राहून गेले असं समजा. टेबलावर तासभर चाचणी घेतली, सहा निरोप गेले, 144 बाइट कमी झाले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. वावरात दिवसाला 3,456 बाइट जातात. शिल्लक 6 किलोबाइट असेल तर दुसऱ्या दिवशीच डबा गप्प होतो. त्याच्यावरचा वॉचडॉग हा राखणदार त्याला पुन्हा चालू करतो, तो पुन्हा दोन दिवस बोलतो. दर दोन दिवसांनी मरून उठणाऱ्या यंत्राला आपण चालू म्हणतो, आणि मधल्या मापांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. मला हे फार लागतं. त्या मापांवर उद्या पंप दुरुस्तीचा हक्क ठरू शकतो.

म्हणून मोजायला शिकावं. विहिरीच्या बांधकामावर पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण राहते. तशीच खूण स्टॅकवर करता येते. स्टॅक म्हणजे कोड चालताना लागणारी तात्पुरती जागा. फ्रीआरटीओएस या छोट्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सगळी जागा आधी 165 या आकड्यानं भरून ठेवतात. काही दिवसांनी पाहायचं, कुठपर्यंतचे 165 पुसले गेले. जेवढे शाबूत, तेवढी जागा कधी लागलीच नाही. एखाद्या कामाला अंदाजानं 4 किलोबाइट दिलेले असतात आणि खूण 900 बाइटवर थांबलेली दिसते. थोडी मोकळीक ठेवून बाकीचं काढून घ्यावं. कोड बांधताना लिंकर जी मॅप फाइल देतो तीही उघडून पाहावी. कुठलं नाव किती जागा अडवून बसलं आहे ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. न बदलणारे तक्ते रॅममध्ये बसलेले दिसले तर ते कायम म्हणून जाहीर करावेत, म्हणजे ते फ्लॅशमध्ये जातात. एका नोंदीत 1 बाइट, 4 बाइट, 1 बाइट अशा क्रमानं मांडणी केली तर ती 12 बाइट खाते. 4 बाइटवालं आधी ठेवलं तर 8. नुसता क्रम बदलून तिसरा हिस्सा वाचतो.

सगळं करूनही झोळी कधीतरी भरणारच. तेव्हा काय टाकायचं, हे आधी ठरवावं लागतं आणि ते कोड लिहिणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये. दहा मिनिटांची मापं विरळ करून एकाआड एक ठेवली तर फारसं बिघडत नाही. पण मोटर कोरडी चालली किंवा पॅनेलची वायर तुटली, हा निरोप गेला तर शेतकऱ्याचं नुकसान होतं. अशा निरोपांना वेगळी, छोटी, कधीही न सांडणारी झोळी द्यावी. ती फ्लॅशमध्ये ठेवली तर वीज गेली तरी टिकते. मात्र आपल्या एसटीएम32 चिपच्या फ्लॅशची हमी साधारण 10,000 वेळा पुसण्याचीच असते, म्हणून तिथे रोजची मापं लिहीत बसू नये.

मोठी चिप का घेत नाही, असं कुणी विचारेल. प्रश्न योग्य आहे. ईएसपी32 या चिपमध्ये 520 किलोबाइट रॅम असते आणि तिचा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. नवीन डबा करणाऱ्यानं ती जरूर घ्यावी. पण खांबावर आधीच चढलेले डबे बदलता येत नाहीत. त्यांना नवी सोय द्यायची तर जुन्याच 20 किलोबाइटमध्ये बसवावी लागते. आणि गळती 20 किलोबाइटमध्ये दोन दिवसांत मारते तर 520 मध्ये काही महिन्यांत. तोवर यंत्र बसवणारा निघून गेलेला असतो.

बाभुळगावात जन्मलेल्या जवाहरलाल दर्डांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय यवतमाळला आहे, विदर्भात इतरही आहेत. तिथल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना एक साधी चिप घ्या, तिच्यावर एक तयार एमक्यूटीटी लायब्ररी बसवा आणि तिची मॅप फाइल ओळीनं वाचा. मग तो डबा टेबलावरून उचलून कुणाच्या तरी विहिरीवर नेऊन ठेवा. पंधरा दिवस त्याला हात लावू नका. सोळाव्या दिवशी जाऊन पहिल्या दिवशी किती रॅम शिल्लक होती आणि आज किती आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि ज्यांच्या विहिरीवर तो ठेवला त्यांनाही दाखवा.